मंगळवारची महाभरती

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गव्यांच्या राज्याचे आरमार समुद्रात उतरले. समुद्र त्या वेळी जागेवर नव्हता.

जहाजे तीन होती: ‘विजय’, ‘महाविजय’ आणि ‘विजय (सुधारित)’. ओंडक्यांवरून घसरत ती खाली आली आणि चिखलात बसली. बेडकांच्या बँडने सलामीची धून दोनदा वाजवली. जहाजांवर तीनशे बारा मेंढे रांगेत उभे होते. त्यांच्यापैकी कुणालाच पोहता येत नव्हते, त्यामुळे समोर चिखल आहे याचे त्या क्षणी तरी कुणाला वाईट वाटले नाही. दूरवर एक राखाडी रेघ दिसत होती. ती समुद्राची कड असल्याचे नंतर समजले.

हे राज्य कुठले आणि त्याला आरमार का लागले, ते आधी सांगायला हवे.

डोंगराच्या पायथ्याशी एक रान होते. रानाला एका बाजूने समुद्र होता, पण रानाने त्याच्याकडे कधी लक्ष दिले नव्हते. रानावर गव्यांचे राज्य होते, कारण गवे सर्वांत मोठे होते आणि बाकीच्यांना वाटेतून बाजूला व्हायची सवय होती. राजाचे नाव अजस्रराव. महाराजांनी समुद्र एकदाच पाहिला होता, तोही डोंगरावरून. त्यांना तो मोठा पण बेशिस्त वाटला. त्यांचे प्रधान नकुलपंत हे जातीचे मुंगूस. राजाच्या कानापर्यंत पोहोचेल इतकी त्यांची उंची नव्हती, म्हणून ते राजाच्या शिंगावर बसत. त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला राजा बोलतो आहे की प्रधान, हे कळत नसे. जवळून पाहणाऱ्यालाही कळत नसे.

गेल्या पावसाळ्यात महाराजांचे खूर दुखत होते. वेळ जावा म्हणून दरबारी शिक्षकाने त्यांना समुद्रावरच्या साम्राज्यांचा इतिहास वाचून दाखवला.

त्यात पहिले साम्राज्य बगळ्यांचे होते. त्यांचे आरमार पांढरेशुभ्र होते आणि ते काहीच करत नसे. एका पायावर उभे राही. दुसरा पाय कधी खाली येईल या भीतीने सगळी खाडी शंभर वर्षे गप्प होती.

दुसरे सुसरींचे. सुसरी आल्या तेव्हा त्यांनी राज्य मागितले नाही, फक्त ऊन खायला काठावर थोडी जागा मागितली. पुढच्या वर्षी त्या जागेला कुंपण पडले. त्याच्या पुढच्या वर्षी पाणी प्यायला येणाऱ्यांनी सुसरींकडून परवाना घ्यावा असे ठरले. परवाना आत जाऊन घ्यावा लागे आणि आत गेलेला सहसा बाहेर येत नसे. दीडशे वर्षांनी खाडीतले मासे संपले आणि सुसरी निघून गेल्या. जाताना त्यांनी कायद्याची पुस्तके मागे ठेवली. ती अजून वापरात आहेत.

तिसरे साम्राज्य देवमाशांचे होते आणि ते पाण्याखाली असल्याने त्याच्या नोंदी मिळत नाहीत.

सगळे ऐकून झाल्यावर महाराजांनी विचारले, “यात गवे कुठे आहेत?”

“गवे त्या काळात डोंगरावर होते, महाराज,” शिक्षक म्हणाला.

ते पद सध्या रिक्त आहे.

इतिहास खात्याने त्याच आठवड्यात उत्खनन सुरू केले. राजवाड्यामागच्या शेतात दोन हात खोदल्यावर एक नांगर सापडला. नांगर सापडला याचा अर्थ तिथे जहाज थांबत असे, आणि जहाज थांबत असे याचा अर्थ गव्यांच्या पूर्वजांकडे आरमार होते, असा अहवाल खात्याने दिला. सापडलेल्या नांगराला फाळ होता आणि जू अडकवायची जागा होती. ती एका सशाने दाखवून दिली. प्राचीन जहाजे बैल ओढत असत, असा खुलासा अहवालाच्या दुसऱ्या आवृत्तीत आला. ससा आवृत्तीच्या आधीच रजेवर गेला होता.

पूर्वजांकडे होते ते आपल्याकडे असलेच पाहिजे, म्हणून आरमार मंजूर झाले. जहाजबांधणीचे काम सुतारपक्ष्यांना मिळाले. समुद्रापासून सात कोस आत, सागवानाच्या रानात, त्यांनी ते ठरल्या मुदतीत पूर्ण केले. जहाजांच्या तळाला नेमकी, गोल, एकसारखी भोके होती. हवा खेळती राहावी म्हणून ती ठेवल्याचे त्यांनी लेखी कळवले.

आता पाण्याची माहिती असणारा कुणीतरी हवा होता. रानात असा एकच होता. बंदराच्या कातळावर एक काळा फळा आहे. त्यावर रोजच्या पाण्याच्या वेळा लिहायचे काम धाकू कुर्ले नावाचा म्हातारा खेकडा करतो. त्याच्या आधी त्याचा बाप करत होता. मासे धरायला जाणारे पक्षी जाताना फळ्यावर नजर टाकतात. धाकूला दरबारात बोलावले. तो आडवा चालत आत आला, ही त्याच्याबद्दलची पहिली तक्रार नोंदली गेली.

“समुद्राचं काय ते थोडक्यात सांगा,” नकुलपंत म्हणाले.

“थोडक्यातच आहे, पंत. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी.”

महाराजांनी मान वर केली. “आमच्या राज्यात ओहोटी?”

“सगळ्यांच्याच राज्यात येते, महाराज.”

“इतरांचं सोडा. आमच्या काळात?”

धाकूने प्रश्नाचा विचार केला. “आपल्या काळात रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते,” तो म्हणाला. ही माहिती बरोबर होती, पण तिचा उपयोग झाला नाही.

संध्याकाळी फर्मान निघाले. राज्यात कशालाही ओहोटी लागलेली नाही, लागत नाही आणि लागणार नाही. हा शब्द बोलणे, लिहिणे किंवा किनाऱ्यावर उभे राहून सूचित करणे हा राजद्रोह समजला जाईल. धाकूने पुढच्या पंधरवड्याचे वेळापत्रक पाठवले, ते नकुलपंतांच्या कचेरीतून दुरुस्त होऊन आले. त्यात दिवसातून चारदा भरती होती. अमावास्येच्या रकान्यात धाकूने ‘उधाण’ लिहिले होते. त्या शब्दात अराजक आहे, असा शेरा मारून कचेरीने तिथे ‘महाभरती’ लिहिले होते.

धाकूने कागद दोनदा वाचला. मग त्याने फळ्यावर, शक्य तितक्या मोठ्या अक्षरात, मंजूर झाला होता तोच मजकूर लिहिला: ‘मंगळवारी महाभरती.’ पक्ष्यांना त्यातून काय ते कळेल आणि ते त्या दिवशी लांब राहतील, एवढीच त्याची अपेक्षा होती.

पक्ष्यांना कळले. पण रविवारी तो फळा पठारावरच्या एका मेंढ्याने वाचला.

पठारावर पाच वर्षे कसलीच भरती निघाली नव्हती. सोमवारी दुपारपर्यंत बंदरावर तीनशे बारा मेंढे रांग लावून उभे होते. प्रत्येकाने दाखले तोंडात धरून आणले होते. काहींनी ते वाटेत खाल्ले होते. रांगेत पहिला सुभान नावाचा मेंढा होता. त्याच्याबरोबर त्याची बायको यसू आली होती.

“काका, फॉर्म इथंच मिळतो का?” सुभानने धाकूला विचारले.

“कसला फॉर्म?”

“महाभरतीचा. तुम्हीच लिहिलंय की.”

“अरे, ही पाण्याची भरती आहे.”

“म्हणजे पाणीखात्याची? चालेल,” सुभान म्हणाला. “खातं कोणतं का असेना.”

“तीन वर्षं झाली त्यांना धावायचा सराव करून,” यसू म्हणाली. “दोनदा वय उलटून गेलं. दोनदा कमी करून घेतलं.”

धाकू समजावत होता तेवढ्यात नकुलपंत पाहणीसाठी आले. आरमारासाठी जहाजे होती, ध्वज होता, गीत होते. माणसे लागतात हे कुणाच्या लक्षात आले नव्हते, आणि माणसे या रानात नव्हतीच. नकुलपंतांनी रांगेकडे पाहिले, फळ्याकडे पाहिले आणि सगळ्यांना जागेवरच खलाशी म्हणून घेतले. अट एकच होती. मंगळवारी सूर्यास्तापर्यंत जो ध्वजापाशी हजर असेल त्याला नेमणूकपत्र मिळेल. ध्वजापाशी कुणीच हजर नसेल, तर सगळी यादी रद्द होईल. सुभानला वाचता येत होते, म्हणून त्याला हवालदार केले आणि ध्वज त्याच्याकडे दिला.

मोहिमेची वेळ वेळापत्रक पाहून ठरली. मंगळवारी पहिली भरती सहा वाजून दहा मिनिटांनी होती. ती भरती नव्हती हे धाकूला ठाऊक होते. पण मग ती काय होती, हे सांगायला त्याच्याकडे शब्द उरला नव्हता.

तर जहाजे चिखलात बसली. साडेसहाला नवा हुकूम आला: आरमाराने पायी कूच करावे.

बंदरासमोर अर्ध्या कोसावर कासवबेट आहे. बेट आणि किनारा यांच्यामध्ये वाळूचा पट्टा आहे. पाणी उतरले की तो उघडा पडतो आणि मेंढराच्याही खुरांना ओल लागत नाही. तीनशे बारा जवान त्या पट्ट्यावरून चालत गेले. सात वाजून वीस मिनिटांनी बेट जिंकले गेले. प्रतिकार झाला नाही. बेटावर कुरव पक्षी राहतात, ते उडाले. अकरा म्हाताऱ्या कासविणी राहतात, त्या झोपल्या होत्या.

सुभानने मधल्या उंच खडकावर ध्वज रोवला आणि कागद वाचला. “आजपासून हे बेट दर्याधिपती अजस्ररावांच्या साम्राज्यात सामील झालं आहे. तुम्ही मुक्त झाला आहात.”

“कुणापासून?” सगळ्यांत मोठ्या कासविणीने विचारले. तिचे नाव चिमाबाय.

सुभानने कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हते. “ते नंतर कळवतील.”

“बरं. आणि तुम्ही किती वेळ आहात?”

“कायमचे.”

“कायमचे म्हणजे साडेआठपर्यंत ना?”

“आजी, कायमचे म्हणजे कायमचे.”

चिमाबायने आकाशाकडे पाहिले, मग वाळूकडे. “अमावास्या आहे रे बाबा आज. हा खडक सोडला तर सगळं जातं खाली. कधी कधी खडकही जातो. आम्हाला काय, आम्ही पोहतो. तुमचं काय?”

“आम्ही आरमार आहोत,” सुभान म्हणाला.

किनाऱ्यावर विजयाची बातमी साडेसातला पोहोचली. शामियान्यात महाराज उभे होते. ते बसले की उठायला वेळ लागतो. ‘दर्या आपला, दरारा आपला!’ अशा घोषणा चालू होत्या. त्या गर्दीतून धाकू कुर्ले आडवा चालत पुढे आला.

“महाराज, भरती येतेय.”

“येऊ द्या!” महाराज गरजले. टाळ्या पडल्या.

“मोठी आहे, महाराज.”

“मोठीच हवी!”

“पंधरा फूट आहे.”

“पंधरा फुटी जवान! ऐकलंत का, नकुलपंत? शेजारच्या राज्यात आहेत असे?”

“तिकडे चार फुटांवर कुणी नाही, महाराज,” शिंगावरून नकुलपंत म्हणाले. पुन्हा टाळ्या पडल्या.

“जवान नव्हेत, पाणी!” धाकू ओरडला. “बेटावर तीनशे बारा पोरं आहेत. साडेआठनंतर वाट बंद होईल. साडेबाराला बेट राहणार नाही.”

महाराजांनी भुवई उंचावली. “काल जिंकलेलं?”

“आज, महाराज,” नकुलपंत म्हणाले.

“मग असं कसं राहणार नाही? समुद्राला कळवा.”

नकुलपंत शिंगावरून उतरले आणि धाकूला शामियान्यामागे घेऊन गेले. “कुर्ले, भरती म्हणजे काय ते मला कळतं,” ते हळू आवाजात म्हणाले. “मी खाडीकाठी वाढलोय.”

“मग त्यांना परत बोलवा. अजून पाऊण तास आहे.”

“काय म्हणून बोलवू? ‘माघार’ शब्द गेल्या वर्षी काढला. ‘पीछेहाट’ त्याच्याबरोबर गेला. ‘परत या’ म्हणायचं तर कुठून परत? ते आपल्याच भूमीवर आहेत.”

“जेवायला या म्हणा.”

नकुलपंतांनी शामियान्याकडे पाहिले. सूचना वाईट नव्हती. “जेवणाची सोय केलेली नाही,” ते शेवटी म्हणाले आणि पुन्हा शिंगावर जाऊन बसले.

बाहेर यसू उभी होती. तिने सगळे ऐकले होते. “काका, हे सगळं तुमच्या फळ्यावरनं झालं,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता.

आठ वाजता धाकूने एका कुरवाला आपल्याला बेटावर न्यायला सांगितले. कुरवाने त्याला चोचीत धरले. खेकडा शेवटपर्यंत जिवंत राहिला, असा त्या पक्ष्याचा हा पहिलाच प्रवास होता. दोघेही वाटेत बोलले नाहीत. एकाच्या तोंडात दुसरा होता.

“चला,” खडकावर टेकताच धाकू म्हणाला. “सगळे चला. आत्ता.”

“लेखी आहे का, काका?” सुभानने विचारले.

“अरे, बुडाल!”

“तसं लेखी द्या, मग निघतो. तोंडी हुकमावर चौकी सोडली तर नाव कापतात. आज पहिला दिवस आहे आमचा.”

“नोकरी बघतोस की जीव?”

सुभानने ध्वजाची काठी दुसऱ्या खांद्याला टेकवली. “जीव तर पाच वर्षं होताच की, काका. विचारलं का कुणी?”

धाकूने पट्ट्याकडे पाहिले. दोन्ही बाजूंनी पाणी आत येऊ लागले होते. मेंढ्यांना बुडण्याची भीती दाखवून ते हलणार नाहीत, हे त्याला कळले. ते कशाने हलतात, हे त्याने रविवारपासून पाहिले होते. तो कुरवाला म्हणाला, “ने परत. लवकर.”

साडेआठला दोन मिनिटे असताना त्याने फळा पुसला आणि लिहिले: ‘किनाऱ्यावर भरती सुरू. कायमस्वरूपी.’ बेटावरून फळा दिसत नाही, म्हणून साठ-सत्तर कुरव ओरडत बेटावरून फिरले: भरती! कायमची! भरती! कायमची!

जे त्यांनी ओरडून सांगितले त्यातला अर्धा भाग खरा होता. मेंढे धावत सुटले. तीन वर्षांचा सराव कामी आला. पट्ट्याच्या मध्यावर पाणी गुडघ्याला होते, किनाऱ्याजवळ पोटाला. पाच मिनिटांत पट्टा दिसेनासा झाला. मोजले तेव्हा किनाऱ्यावर दोनशे एकाहत्तर जण लोकरीतून पाणी निथळत फळ्यापुढे रांग लावून उभे होते.

यसूने रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. सुभान त्यात नव्हता.

शेवटी आलेल्या मेंढ्याने सांगितले, “तो नाही येत म्हणाला. बाकीच्यांना म्हणाला, तुम्ही जा. ध्वजापाशी कुणी नसलं तर सगळ्यांचीच यादी रद्द होईल, मी थांबतो. तर अजून चाळीस जण म्हणाले, एकटा कसा थांबशील.”

“कळलं होतं का त्याला? फळ्याचं?”

“त्याला कळलं होतं. म्हणाला, काका चांगला माणूस आहे.”

“खेकडा आहेत ते,” यसू म्हणाली आणि पाण्याकडे तोंड करून खाली बसली.

नकुलपंत शामियान्यातून बाहेर आले. बेटावरून कुणी परत येणे शक्य नव्हते, कारण माघार होत नसते. त्यामुळे रांगेत उभे असलेले दोनशे एकाहत्तर जण नवे उमेदवार होते. त्यांना तिथेच भरती करून घेण्यात आले. आरमाराचे बळ अशा रीतीने सकाळी नऊ वाजता पाचशे त्र्याऐंशी झाले. इतक्या कमी वेळात इतकी वाढ याआधी कोणत्याही साम्राज्याच्या आरमाराने नोंदवलेली नाही.

सव्वानऊला धाकू कुर्ले याला बोगस भरतीची जाहिरात केल्याबद्दल अटक झाली. आरोपपत्रात म्हटले आहे की भरती खरी होती. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द बोगस होता.

त्याला एका टोपलीत ठेवले असून वर दगड आहे. तो दर पंधरा मिनिटांनी आतून पाण्याची उंची सांगतो. पहारेकऱ्यांना ती लिहून घेण्याचा हुकूम नाही.

साडेदहापर्यंत बेटाची वाळू पाण्याखाली गेली. एक्केचाळीस जण मधल्या खडकावर ध्वजाभोवती दाटीवाटीने उभे राहिले. कासविणी खडकाभोवती पोहत होत्या.

“बसा रे पाठीवर, मेल्यांनो!” चिमाबाय ओरडली. “अकरा जणी आहोत. चार खेपांत सगळे पोचाल.”

तीन मेंढे कुणाकडे न पाहता चढले. सव्वाअकराला कासविणींनी त्यांना किनाऱ्यावर सोडले. त्या वेळी तिथे कोणतीही भरती सुरू नव्हती. त्यामुळे त्यांना पळपुटे म्हणून ताब्यात घेण्यात आले. खडकावरून हे स्पष्ट दिसले. चौथा चढला नाही.

यसू शामियान्याच्या दारात गेली. “पंत, कासविणी आणायला तयार आहेत. तुम्ही फक्त ‘चढा’ म्हणा.”

“बाई, ती काल-परवा जिंकलेली प्रजा आहे.”

“आज सकाळी.”

“तेच. जिंकलेल्या प्रजेने विजयी सैन्याला पाठीवर बसवून आणलं, असं इतिहासात लिहायचं का?”

“मग काय लिहिणार?”

“तुमचे यजमान इतिहासात गेलेच आहेत. आपण अभिमान बाळगा.”

“बाळगते. परत कधी येतील?”

नकुलपंतांनी तिला अर्ज करायला सांगितले. तिला लिहिता येत नव्हते. दोनशे एकाहत्तरपैकी एकाने लिहून दिला. अर्जाचा विषय असा आहे: ‘कासवबेटावरील अडतीस खलाशांना कासवावर बसण्याची परवानगी मिळणेबाबत.’ तो अकरा वाजून चाळीस मिनिटांनी कचेरीत दाखल झाला. विषयात ‘परत’ हा शब्द नसल्याची खात्री करून तो पुढे पाठवण्यात आला.

अकरा वाजून पंचावन्न मिनिटांनी कुरवांनी आणलेल्या माहितीनुसार खडकावर पाणी खुरांच्या वर आले आहे. ध्वज उभा आहे. काठी सुभानच्या खांद्याला आहे. मेंढ्यांनी सगळ्यांत लहान असलेल्या दोघांना मध्ये घेतले आहे. चिमाबाय आणि इतर दहा जणी खडकाला टेकून थांबल्या आहेत आणि दर थोड्या वेळाने किनाऱ्याकडे मान वळवून पाहतात. टोपलीतून सांगितलेल्या आकड्याप्रमाणे अजून दोन फूट पाणी चढायचे आहे. खडकावर मेंढ्याची मान साधारण तेवढ्याच उंचीवर येते.

विजयसभा ठरल्याप्रमाणे बारा वाजता सुरू झाली. महाराजांनी भाषणाच्या सुरुवातीलाच जाहीर केले की हे बेट ही फक्त सुरुवात आहे आणि क्षितिजापर्यंत जे जे दिसते ते ते आपले आहे. अर्ज मंचावर पोहोचला आहे. भाषण संपल्याशिवाय कोणताही कागद महाराजांसमोर ठेवू नये असा शिष्टाचार आहे, आणि भाषणाची बारा पाने झाली असून किती बाकी आहेत ते नकुलपंतांनाच माहीत आहे.

आता बारा वाजून दहा मिनिटे झाली आहेत. सभेला अलोट गर्दी आहे. ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून सर्वांची बसण्याची सोय समुद्राकडे पाठ करून केलेली आहे.